फोटोतली वेगाची राणी

मैत्रिणींनो, जुने फोटो बघायला कुणाला आवडत नाही? दिवाळीची साफसफाई काढावी, माळ्यावरची ट्रंक खाली उतरवावी आणि तिच्यात तळाशी काळ्या जाड कागदांचा, कोपरे चिकटवलेला अल्बम सापडावा. झालं! साफसफाई राहते बाजूला. ही कोण, ती कोण, हिचं लग्न कुठल्या साली झालं, यातच दुपार उलटून जाते.

पण गेले काही दिवस मी जे जुने फोटो बघतेय, ते आपल्या घरातले नाहीत. ते आहेत शंभर वर्षांपूर्वीच्या युरोपातले, मोटारींच्या शर्यतींचे. माझ्या मुलाला गाड्यांचं भारी वेड. त्याच्यामुळे हे फोटो माझ्या नजरेस पडले. लांबुळक्या, उघड्या मोटारी, सायकलसारखी बारीक चाकं, धुळीने माखलेले रस्ते. डोळ्यांवर मोठाले गॉगल लावलेले, तेलाने तोंड काळं झालेले पुरुष. एकामागून एक नुसते पुरुषच. आणि त्यात मधूनच एका फोटोत आखूड केसांची, पांढऱ्या अंगरख्यातली एक बाई. मोटारीत बसलेली आणि मनापासून हसणारी.

ही कोण म्हणून चौकशी केली, मिळेल ते वाचलं आणि मग ती माझ्या मनातून जाईचना. स्वयंपाक करताना, महिला मंडळाच्या मीटिंगला जाताना तिचाच विचार. म्हणून आज तिची गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते.

तिचं जन्मनाव मारिएत एलेन देलांग्ल. १५ डिसेंबर १९०० रोजी ती जन्मली. पॅरिसपासून पाऊणशे किलोमीटरवर ओने-सू-ओनो नावाचं खेडं आहे, तिथे. वडील गावच्या टपाल कचेरीत. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही लहान गावातल्या सरळमार्गी घरासारखंच घर. पण पोरगी सरळ रेषेत चालणारी नव्हती. सोळाव्या वर्षी तिने गाव सोडलं आणि पॅरिस गाठलं.

पॅरिसमध्ये सुरुवातीला मिळेल ते काम केलं. चित्रकारांसमोर, छायाचित्रकारांसमोर मॉडेल म्हणून उभी राहिली. नाच शिकली. आणि बघता बघता तिथल्या मोठ्या रंगमंचांवर नाचू लागली. कसिनो द पारी हे त्या काळातलं नावाजलेलं नाट्यगृह. तिथे तिचं नाव जाहिरातीत झळकू लागलं. तेव्हा तिने रंगमंचासाठी नवं नाव घेतलं, एले नीस. या नावातही एक गंमत होती. फ्रेंच माणसाने ते भरभर म्हटलं, की ती छान आहे असं म्हटल्यासारखं ऐकू येतं! नाचातून पैसा चांगला मिळत होता. स्वतःच्या कमाईवर तिने घर घेतलं, गाडी घेतली, होडी घेतली. नवरा नाही, बापाची इस्टेट नाही. सगळं स्वतःच्या पायांवर, आणि तेही अक्षरशः.

ते पायच एक दिवस दगा देऊन गेले. बर्फावर घसरण्याचा खेळ खेळताना ती पडली आणि गुडघ्याला मोठी इजा झाली. नाचणारीचा गुडघा गेला म्हणजे काय उरलं? अठ्ठावीस वर्षांचं वय. दुसरी एखादी असती तर तिने एखादा बरा माणूस बघून लग्न केलं असतं. हिने मोटारीच्या शर्यतीत उतरायचं ठरवलं. गाडी चालवण्याचा नाद तिला आधीपासून होताच. नाटकवाल्यांच्या वार्षिक मेळाव्यातल्या गमतीच्या शर्यतींत ती भागही घेत असे. गुडघ्याचं दुखणं आल्यावर त्या नादाचाच तिने पोटाचा धंदा केला.

पॅरिसच्या दक्षिणेला माँलेरी इथे १९२४ साली शर्यतींसाठी खास बांधलेला रस्ता आहे. सिमेंट काँक्रीटचा, सुमारे अडीच किलोमीटरचा गोल. वळणावर तो सपाट नाही, परातीच्या काठासारखा उभा चढत गेलेला आहे. आपल्या जत्रेत मौत का कुआँ असतो ना, लाकडी फळ्यांच्या विहिरीत तो मोटारसायकलवाला भिंतीवरून गरगर फिरतो? तेच तत्त्व. वेग असेल तरच गाडी वर टिकते, वेग कमी झाला की खाली येते. जून १९२९ मध्ये तिथे बायकांसाठी खास शर्यती ठेवल्या होत्या. एले त्यात ओमेगा-सिक्स नावाची गाडी घेऊन उतरली आणि जिंकली.

त्या वर्षीच्या डिसेंबरात ती पुन्हा माँलेरीला आली, ती एकटीने वेगाचा विक्रम करायला. या वेळी गाडी होती बुगाटी. दहा मैलांच्या अंतरावर तिने ताशी १९४ किलोमीटरची सरासरी राखली. बायकांमध्ये इतक्या वेगाने कुणी गेलं नव्हतं. आज आपल्या द्रुतगती मार्गावर शंभराच्या पुढे काटा गेला तरी आपण नवऱ्याच्या दंडाला घट्ट धरतो. आणि ही बाई १९२९ साली, उघड्या गाडीत, डिसेंबरच्या थंडीत दोनशेच्या घरात पोचली होती. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या वेळी फ्रान्समधल्या बायकांना मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता. तो मिळाला १९४४ साली.

बुगाटी हे नाव आपल्याकडच्या जुन्या मंडळींनाही अनोळखी नाही. आपल्या जे. आर. डी. टाटांकडे तरुणपणी एक बुगाटी होती आणि ते ती मुंबईच्या रस्त्यांवरून भरधाव पळवत. त्या पळवण्यापायी एक खटला अंगाशी आला, म्हणून ते वकिलाकडे गेले, तिथे वकिलांची पुतणी थेल्मा भेटली आणि १९३० साली दोघांचं लग्न झालं. अशी ती गाडी! पण एले चालवत होती ती शर्यतीची बुगाटी, पस्तीस-सी नावाची. दोन लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन. निळा रंग, कारण शर्यतीत फ्रान्सचा रंग निळा. गिअरचा दांडा आणि हातब्रेक गाडीच्या अंगाबाहेर. सुरक्षेचा पट्टा नाही, आजच्यासारखं हेल्मेट नाही. डोक्याला कापडाची नाहीतर चामड्याची टोपी, बस्स. गाडी उलटली की चालक बाहेर फेकला जाणार, हे ठरलेलंच. कित्येकांना तर आत अडकण्यापेक्षा फेकलं जाणं बरं वाटे!

तिच्या आधी कुणी बाई शर्यतीत उतरलीच नव्हती असं मात्र नाही. फ्रान्सचीच कामी द्यू गास्त १९०१ साली पॅरिस ते बर्लिन अशा लांबच्या शर्यतीत धावली. १९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत एक चालक जखमी होऊन पडलेला दिसला, तेव्हा ती आपली शर्यत सोडून त्याच्या मदतीला थांबली. पुढच्याच वर्षी बायकांना मोठ्या शर्यतीत मज्जाव झाला. बायका घाबरट, त्यांची मनं नाजूक, असं कारण पुढे केलं गेलं. वाचून हसावं की रडावं कळत नाही. दुसरी, चेकोस्लोव्हाकियाची एलिश्का युन्कोवा. भल्याभल्या पुरुषांना मागे टाकणारी. १९२८ मध्ये शर्यतीतच तिचा नवरा गेला आणि तिने त्या दिवसापासून शर्यत सोडली. ती सोडून गेली आणि पुढच्याच वर्षी एले आली.

१९३० साली एले अमेरिकेला गेली. तिथल्या मातीच्या आणि लाकडी फळ्यांच्या गोल मैदानांवर तिने गाडी चालवून दाखवली. परत आल्यावर १९३१ पासून ती युरोपच्या मोठमोठ्या ग्रां प्री शर्यतींत पुरुषांच्या बरोबरीने उतरू लागली. नुव्होलारी, काराचिओला, शिरों ही त्या काळची मोठी नावं. आपल्याकडे क्रिकेटवाल्यांची असतात तशी. त्यांच्यासोबत एका रांगेत ही एकटी बाई. सगळ्या शर्यती ती जिंकत होती असं मुळीच नाही. पण शर्यत पुरी करत होती, मधल्या जागी येत होती आणि गर्दी खेचत होती. आयोजक तिला पैसे देऊन बोलवत. तेलाच्या, सिगारेटच्या जाहिरातींत तिचा फोटो छापून येई.

हे सगळं तिला आवडत होतं, हेही लपवायचं कारण नाही. ती फोटोसाठी हसायची, शर्यत संपली की आधी पावडर-लिपस्टिक ठीक करून मग कॅमेऱ्यासमोर यायची. प्रेमप्रकरणंही पुष्कळ झाली. ती साध्वी नव्हती आणि तसा आवही तिने कधी आणला नाही. पुढे जे घडलं, त्यात या गोष्टीचाही वाटा आहे, म्हणून मुद्दाम सांगून ठेवते.

मरण तर रोजचंच होतं. १० सप्टेंबर १९३३ ला इटलीत माँझा इथे शर्यती होत्या. त्या एका दिवसात काम्पारी, बोर्झाकिनी आणि चायकोव्स्की असे तीन नामांकित चालक गेले. एलेही त्या दिवशी तिथे धावत होती. सकाळी ज्यांच्याबरोबर हसून बोललो, ते संध्याकाळी नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीत बसायला काय काळीज लागत असेल!

आणि मग तिचीही पाळी आली. १२ जुलै १९३६, ब्राझीलमधलं साओ पावलो शहर. शर्यत गावातल्या रस्त्यांवर, दोन्ही बाजूंना माणसांची ही गर्दी. एलेकडे आता निळी अल्फा रोमिओ होती. शर्यत संपत आली होती आणि ती पहिल्या काही गाड्यांत होती. तिच्या पुढे ब्राझीलचा लाडका चालक मानुएल द तेफे. त्याच वेळी रस्त्यावर आलेल्या गवताच्या गठ्ठ्यावर तिची गाडी आदळली. ताशी दीडशेच्या वर वेग. गाडी हवेत उडाली, कोलांट्या खात प्रेक्षकांत जाऊन पडली. काही जणांचा जीव गेला, तीसहून जास्त माणसं जखमी झाली. एले गाडीतून बाहेर फेकली गेली ती एका सैनिकाच्या अंगावर. तिच्या आदळण्याने तो बिचारा मेला आणि तिचा मार त्याने झेलल्यामुळे ती वाचली. लोकांना वाटलं, हीसुद्धा गेली. तीन दिवसांनी ती शुद्धीवर आली. दोन महिने दवाखान्यात होती.

त्या माणसांचा विचार मनात आला की अंगावर काटा येतो. शर्यत बघायला म्हणून घरून निघालेली माणसं ती. तो सैनिक तर बंदोबस्ताला उभा होता, ड्युटीवर. पण ब्राझीलच्या लोकांनी एलेला दोष दिला नाही, हे विशेष. उलट तिच्यावर माया केली. तिकडे जन्मलेल्या कितीतरी मुलींची नावं तिच्यावरून एलेनिसे अशी ठेवली गेली म्हणतात.

बरी होऊन ती फ्रान्सला परतली, पण मोठ्या शर्यतींत तिला घ्यायला आता कुणी तयार नव्हतं. तिने हार मानली नाही. १९३७ साली माँलेरीच्या त्याच रस्त्यावर आणखी काही चालक बायकांबरोबर तिने पाळीपाळीने दहा दिवस आणि दहा रात्री गाडी चालवली. एका तेलाच्या कंपनीने घेतलेली ती सहनशक्तीची परीक्षा होती. एक उतरली की दुसरी बसायची. या बायकांनी त्यात बरेच विक्रम नोंदवले. डोक्याला एवढा मार बसून जेमतेम वर्ष होत होतं, आणि ही रात्र रात्र जागून गाडी चालवत होती.

मग दुसरं महायुद्ध आलं. शर्यती बंद. फ्रान्सवर जर्मनांचा ताबा. एले दक्षिणेला समुद्रकाठी नीस शहरात घर घेऊन राहिली, सोबत तिचा मित्र आर्नाल्दो बिनेली.

इथे थोडं थांबून त्या वेळचं फ्रान्स कसं होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. शत्रूच्या ताब्यात चार वर्षं काढलेला देश. काही माणसं छुप्या लढ्यात उतरली होती. शर्यतवाल्यांमध्येच रोबेर बेन्वा आणि विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स हे दोघे बुगाटीचे नामवंत चालक छुप्या कामात पकडले गेले आणि नाझींच्या छळछावण्यांत मारले गेले. दुसरीकडे काही लोक जर्मनांना मिळालेले होते. १९४४ मध्ये जर्मन गेल्यावर लोकांचा राग उफाळून आला. आणि तो पहिल्यांदा कुणावर निघाला असेल? बायकांवर! शत्रूशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून सुमारे २०,००० बायकांची डोकी भादरली गेली, पुष्कळदा भर चौकात, लोकांच्या हसण्या-थुंकण्यात. खरंखोटं पाहायला कुणाला सवड नव्हती. केशवपनाचा इतिहास असलेल्या आपल्यासारख्यांना ते चित्र डोळ्यांसमोर आणायला वेळ लागत नाही. बाईला शिक्षा करायची तर तिच्या केसांना हात घालायचा, हे इथेही आणि तिथेही!

एलेला कुणी चौकात उभं केलं नाही. तिच्याबाबतीत ते झालं दिवाणखान्यात. जानेवारी १९४९. युद्धानंतरची पहिली माँटे कार्लो रॅली. आठेचाळीस वर्षांची एले पुन्हा गाडी चालवायला आली होती. रॅलीच्या निमित्ताने मेजवानी होती, सगळी शर्यतीची दुनिया जमली होती. जुने सोबती, नवी पोरं, पत्रकार, पैसेवाले. आणि त्या भरल्या मेजवानीत लुई शिरों पुढे झाला आणि सर्वांच्या देखत तिला म्हणाला, की ती गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची हस्तक होती.

शिरों म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. मोनॅकोचा सुपुत्र, १९३१ ची मोनॅको ग्रां प्री जिंकलेला, सगळ्यांच्या गळ्यातला ताईत. एवढा मोठा माणूस उगीच कशाला बोलेल? असंच लोकांना वाटलं. पुरावा कुणी मागितला नाही. त्यानेही दिला नाही. पण त्या संध्याकाळपासून तिची दुनिया तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. गाडी देणारे गेले, पैसे देणारे गेले, ओळख दाखवणारे गेले. पुढे बिनेलीही तिला सोडून गेला, आणि तोवर तिच्या पैशाचीही वाट लागलेली होती.

मी तालुक्याच्या गावात गेली पंधरा-सोळा वर्षं बायकांच्या प्रश्नांवर काम करते. असली गोष्ट वाचली की मला परकं काहीच वाटत नाही. आमच्या भागात एक बाई शाळेच्या मुलांची रिक्षा चालवायची. नवरा गेलेला, दोन लेकरं, रिक्षाचे हप्ते. मुलं तिला काकू म्हणायची. कुणीतरी एक दिवस पारावर म्हणालं, की बाईचं वागणं काही ठीक दिसत नाही. एवढंच. काय ठीक नाही, कुणी पाहिलं, कधी पाहिलं, काही नाही. आठ दिवसांत निम्म्या घरांनी मुलं काढून घेतली. आम्ही चारजणी घरोघर जाऊन विचारत होतो, की तुम्ही स्वतः काय पाहिलंत? सगळ्यांचं एकच उत्तर, आम्ही नाही पाहिलं, पण लोक म्हणतात ना! शेवटी तिने रिक्षा विकली आणि माहेरच्या गावी गेली.

एलेचं काय वेगळं झालं? फक्त रिक्षाच्या जागी बुगाटी होती. मला वाटतं, लोकांनी तिच्याबद्दल इतक्या पटकन विश्वास ठेवला, कारण ती आधीपासून त्यांच्या चौकटीत बसत नव्हती. एकटी राहणारी, नाचलेली, प्रेमं केलेली, पुरुषांच्या खेळात घुसलेली, पैसा कमावून तो मजेत उडवणारी. अशा बाईबद्दल काहीही खपतं. जे आरोप गरीब स्वभावाच्या, डोक्यावर पदर असलेल्या बाईवर केले तर लोक दहादा विचार करतील, ते हिच्यावर केले की लगेच मान हलवतात. तिच्या धाडसाचं कौतुक करणारी माणसंच, वेळ आली तेव्हा म्हणाली असतील, आम्हाला वाटलंच होतं.

मग खरं काय होतं? मिरांडा सेमूर या इंग्लिश लेखिकेने एलेचं चरित्र लिहिलं, ते २००४ साली प्रसिद्ध झालं. द बुगाटी क्वीन हे त्याचं नाव. त्यासाठी तिने जर्मनीतल्या कागदपत्रांपर्यंत शोध घेतला. एले गेस्टापोसाठी काम करत होती असा एकही पुरावा तिला सापडला नाही. पण हा शोध लागला तेव्हा एलेला जाऊन वीस वर्षं झाली होती.

तिची शेवटची वर्षं लिहिताना हात जड होतो. जिच्या दारात गाड्या होत्या, बंदरात होडी होती, ती नीस शहरातल्या गल्लीत एका लहानशा भाड्याच्या खोलीत राहत होती. देणेकऱ्यांना पत्ता लागू नये म्हणून दुसरंच नाव लावून. पॅरिसमध्ये जुन्या, थकलेल्या कलावंतांना मदत करणारी एक संस्था होती. तिचं नाव ला रू तूर्न, म्हणजे चाक फिरतं. ती संस्था तिला थोडेफार पैसे पुरवी. चाकांवर जगलेल्या बाईला शेवटी या नावाच्या संस्थेने जगवावं! घर गेलं, माणसं गेली, पण एक गोष्ट तिने हातची जाऊ दिली नाही. आपले जुने फोटो आणि वर्तमानपत्रांतली कात्रणं. तिच्या चरित्राला आणि आज आपण तिच्याबद्दल जे वाचतो त्याला मोठा आधार आहे तो या जपलेल्या कागदांचाच. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ही म्हातारी कोण होती याची कल्पनाही नसेल. पण खोलीत कुठेतरी ती निळ्या गाडीत बसून हसत होती.

ऑक्टोबर १९८४ मध्ये, ८३ व्या वर्षी ती गेली. तिच्या अस्थी पॅरिसजवळच्या साँत-मेम गावी, आईवडिलांच्या थडग्यापाशी नेल्या. पण घरच्यांनी त्या दगडावर तिचं नाव घातलं नाही. आईचं नाव आहे, वडिलांचं आहे, हिचं नाही. जिचं नाव भिंतींवर दीड-दोन फुटी अक्षरांत लागायचं, तिच्यासाठी कुटुंबाच्या दगडावर एक ओळ निघाली नाही. मला तर साओ पावलोच्या अपघातापेक्षाही हे वाचून जास्त लागलं. परक्या देशातल्या लोकांनी आपल्या मुलींना तिचं नाव दिलं, आणि घरच्यांनी ते पुसलं.

शिरों १९७९ मध्ये वारला. त्याचं नाव आजही मानाने घेतलं जातं. बुगाटी कंपनीने २०१६ साली जगातली एक अतिवेगवान गाडी काढली, तिचं नाव शिरों ठेवलं. तो चालक म्हणून मोठा होता, यात वाद नाही. पण ज्या कंपनीच्या गाडीने एलेने विक्रम केला, त्याच कंपनीच्या गाडीवर तिच्यावर आरोप करणाऱ्याचं नाव मिरवावं, हे मनाला टोचतं. एलेला न्याय मिळाला तो फार उशिरा, आणि तोही लहानसा. तिच्या चाहत्यांच्या एका संस्थेने पुढाकार घेतला आणि २०१० साली साँत-मेमच्या त्या दगडापाशी तिच्या नावाची पाटी बसवली.

तर अशी ही एले नीस. मुलाला गाडीचं इंजिन दिसतं, मला ती बाई दिसते. ताशी दोनशेच्या वेगाला ती भ्यायली नाही. हवेत उडालेल्या गाडीतून पडूनही ती पुन्हा उठली. पण पुराव्याशिवाय बोललेल्या एका वाक्यातून मात्र तिला उठता आलं नाही. ते वाक्य एकाने उच्चारलं होतं, पण चालवलं ते मेजवानीतल्या बाकी सगळ्यांनी, घरी जाऊन दुसऱ्यांना सांगून. आपण सगळ्या रोज कुठल्या ना कुठल्या मेजवानीत, हळदीकुंकवात, बचत गटात बसतो. कुणाबद्दल काही कानावर आलं, की आपण पुढे सांगण्याआधी एवढं विचारायचं, की तुम्ही स्वतः पाहिलंत का? एवढा एक प्रश्न त्या संध्याकाळी कुणी विचारला असता, तरी बरंच काही वाचलं असतं.

आणि आणखी एक काम. या दिवाळीत ट्रंक उतरवाल ना, तेव्हा अल्बममधल्या बायकांचे फोटो जरा निरखून बघा. पुरुषांची नावं कुणाच्या तरी ध्यानात असतात. पण मागच्या रांगेत उभी असलेली ती नऊवारीतली बाई कोण? काकूंची सासू? आजोबांची बहीण, ती शिकायला पुण्याला गेलेली, जिच्याशी घरच्यांनी पुढे संबंध तोडले? सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या. पेन्सिल घ्या आणि फोटोच्या मागे हलक्या हाताने तिचं नाव, साल आणि ती काय करायची ते लिहा. बाईचं म्हणून जे नाव असेल ते, अमक्याची बायको असं नको. पाच मिनिटांचं काम आहे. एलेच्या नावाला दगडावर यायला सव्वीस वर्षं लागली.